मुंबईत नव्यानं आलोय. दुसऱ्यांच्या सणाला न बोलावता जाता येतं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

यांच्या बदलीमुळं आम्ही उन्हाळ्यात नांदेडहून मुंबईला आलो. माहीमला शीतलादेवीच्या मागच्या बाजूला राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चौथीतली लेक. बिल्डिंग म्हणजे अख्खा भारत आहे. समोर एक कॅथलिक आजी, वरती बोहरी कुटुंब, खाली जैन आणि तळमजल्यावर तमिळ जोडपं. सगळे जिन्यात हसतात, "कशा आहात" विचारतात आणि दार लावून घेतात. वाईट कुणीच नाही. पण ओळख जिन्यातच संपते.

नांदेडला असं नव्हतं. दसऱ्याला गुरुद्वाऱ्याचा हल्लाबोल निघायचा तेव्हा आम्ही पोरी मामाच्या गच्चीवर सकाळपासून जागा धरून बसायचो. लंगरला तर लहानपणापासून जेवलोय, "तुम्ही कोणाच्या" असं कधी कुणी विचारलं नाही. इथं मात्र पाय अडखळतो. परवा बसमधून जाताना लेकीनं माऊंट मेरीची पाटी वाचली आणि विचारलं, "आई, आपल्याला चालतं का तिथं जायला?" मला धड उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा, की वर्षभरात मुंबईत कुणाकुणाच्या सणाला परक्या माणसानं सरळ जावं, कुठं बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि गेल्यावर काय करू नये? सासूबाईंना नवरात्राचा नऊ दिवस उपास असतो, शिवाय त्या बाहेरचं फार खात नाहीत. त्यांचं म्हणणं आहे, "बघायला येते, पण मला कुठं खायला लावू नको." गर्दीत लेकीला नेणं कितपत बरं, हेही सांगा. लालबागचा राजा, दहीहंडी वगैरे टीव्हीवर पाहिलंय, ते सोडून सांगितलंत तर उपकार होतील.

---

पुढे_चला

ताई, मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. मुंबईचे सण मला जादा गाड्यांवरून पाठ आहेत. सप्टेंबरात वांद्रे स्टेशनावरून माऊंट मेरीच्या जादा गाड्या लागल्या की जत्रा आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला सगळ्यांच्या ड्युट्या लागल्या की चैत्यभूमी. तो महिना सरायच्या आत माहीमचा मेळा, तेव्हा गाडी माहीमच्या त्या पट्ट्यात मुंगीच्या पावलानं.

एक सांगतो, पटलं तर घ्या. सण मुख्य दिवशी बघायला जाल तर दिसतात पाठी आणि डोकी. आदल्या दिवशी नाहीतर चालू आठवड्यात दुपारी जावं, माणसं कामात असतात तेव्हा. हार ओवणारा, मेणबत्त्या लावून ठेवणारी, मांडवाला दोरी बांधणारा, ही माणसं बोलतात. मुख्य दिवशी बिचाऱ्यांना बोलायला सवड कुठली?

मोत माऊलीच्या, म्हणजे माऊंट मेरीच्याच, जत्रेचं सांगतो. माऊलीचा सण ८ सप्टेंबरचा, पण जत्रा भरते त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर. यंदा ८ तारीख मंगळवारी आहे, म्हणजे जत्रा १३ सप्टेंबरपासून. आणि १४ला गणपती! त्यामुळे पहिले दोन दिवस तिकडे फिरकू नका. १६-१७ला दुपारी दोनच्या सुमारास जा. डोंगराच्या वाटेवर मेणाच्या वस्तू विकणाऱ्या बाया बसतात. नुसत्या मेणबत्त्या नव्हेत. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं त्याचा आकार. हात, पाय, बाळ, घर. मी एकदा आईच्या गुडघ्यासाठी पाय घ्यायला थांबलो. बाईनं तोंड वर न करता विचारलं, "डावा की उजवा?" दोन्ही गुडघे दुखतात म्हटल्यावर तिनं जोडी कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "देवाला अर्धवट सांगू नये." गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. तिच्या सासूपासून ती जागा त्यांचीच. (सगळ्यात जास्त खप घराचा, असं तीच म्हणाली. मुंबईत आणखी काय मागणार माणूस!)

लेकीला घेऊन जा, बिनधास्त. चपला बाहेर काढायची भानगड नाही, आत बाकावर पाच मिनिटं बसलात तर कुणी उठवत नाही. सासूबाईंनाही न्या, तिथं कुणी खायला लावत नाही.

आता ६ डिसेंबर. ही जत्रा नाही आणि सणही नाही. बाबासाहेबांचं निर्वाण दिल्लीला झालं आणि दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबर १९५६ला, दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून माणसं येतात. अजिंठ्याला जातात तसं 'बघायला' जाऊ नये. पण तुम्ही नांदेडच्या, म्हणून मुद्दाम सांगतोय. तपोवन, देवगिरी एक्स्प्रेस भरभरून तुमच्याच जिल्ह्यातली माणसं शिवाजी पार्कात उतरणार, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रात्री मैदानात झोपणार, सकाळी रांगेत उभी राहणार आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जाणार. पुस्तकांचे इतके स्टॉल एका जागी मी दुसरीकडे पाहिले नाहीत. एखाद्या म्हातारीला रांग कुठून सुरू होते ते दाखवा, पाण्याची बाटली भरून द्या. तिथं तुम्ही पाहुण्या नाही, यजमान आहात.

डेपोत आमची पद्धत होती. ईदला आम्ही त्यांच्या ड्युट्या घ्यायचो आणि अनंत चतुर्दशीला ते आमच्या. कुणी नियम केलेला नव्हता. महिनाभर आधी चहाच्या टपरीवर ठरायचं. तुमच्या बिल्डिंगीतसुद्धा दार असंच उघडेल. सणाच्या दिवशी मिठाई घेऊन गेलात तर "थँक यू" म्हणून ताट परत येईल. त्याच्या आधी आठवडाभर जाऊन विचारा, "काही आणायचंय का, मी दादरला चाललेय."

---

माटुंगा_पूर्व

कंडक्टरकाकांना +१. विशेषतः शेवटच्या वाक्याला.

मी पार्ल्याची जोशी, लग्न होऊन माटुंग्याच्या अय्यरांच्या घरात आले. तुमच्या तळमजल्यावर तमिळ जोडपं आहे ना, मग तुमचं नवरात्र तिथेच सुरू होतं. त्यांच्याकडे गोलू मांडतात का एवढंच विचारा. मांडत असतील तर चेहरा असा उजळेल की पुढचं काही बोलावं लागणार नाही.

गोलू म्हणजे घरात पायऱ्या रचून मांडलेल्या बाहुल्या. पायऱ्या तीन, पाच, सात, नऊ, कायम विषम. एक लाकडी जोडी असते, मरपाची म्हणतात तिला, ती बहुधा आईकडून लेकीकडे आलेली असते. बाकी देव, दशावतार, लग्नाची वरात आणि एक ढेरपोट्या वाणी, पुढ्यात डाळ-तांदळाच्या इवल्या ढिगाऱ्या मांडून बसलेला. सगळ्यात खाली जमिनीवर पोरांचं राज्य. माझ्या मुलानं एका वर्षी तिथं माटुंगा स्टेशन केलं होतं, तिकीट खिडकीसकट. सासऱ्यांनी देवांपेक्षा जास्त वेळ त्या स्टेशनाची वाहवा केली. तुमच्या लेकीला ही जमिनीवरची जागा मिळवून द्या. आधी विचारलंत तर नक्की मिळेल.

संध्याकाळी बायका येतात. हळदीकुंकू, विड्याची पानं, सुपारी, नारळ किंवा ब्लाउजपीस, म्हणजे आपल्या चैत्रगौरीसारखंच, तुम्हाला काही नवीन शिकावं लागणार नाही. फक्त एक धोका आहे. आलेल्या बाईला गाणं म्हणायला लावतात, आणि "मला येत नाही" हे तमिळ घरात उत्तर समजलं जात नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा घाबरून भोंडल्याचं 'ऐलमा पैलमा' सुरू केलं. समोरच्या मामी कर्नाटक संगीत शिकलेल्या, त्यांनी दुसऱ्या ओळीपासून मांडीवर ताल धरला. सासूबाईंना सांगा, हस्तातली गाणी आठवून ठेवा. आणि आपली खिरापत ओळखायला लावतात ते तिथल्या पोरांना शिकवा, वेडी होतात.

खाण्याचं: रोज वेगळ्या कडधान्याचं सुंडल असतं. कांदा-लसूण नसतो. पण हरभरा, चवळी सासूबाईंच्या उपासाला चालायची नाही. काळजी नको, पुडी बांधून हातात देतात. घ्यायची आणि घरी आणायची. नाही म्हणू नका, तेवढं मात्र लागतं मनाला. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. दसऱ्याला रात्री एक बाहुली आडवी निजवतात, की गोलू संपला. त्यानंतर गेलात तर डबे भरण्याची गडबड असते.

जाता जाता, जीएसबीचा (गौड सारस्वत ब्राह्मण मंडळींचा) किंग्ज सर्कलचा गणपती पाच दिवसांचा असतो, १४ ते १८. सकाळी लवकर जा. सोनं बघायला सगळेच जातात, तुम्ही केळीच्या पानावरची पंगत कशी उठते-बसते ते बघा.

---

शांतताप्रिय

माझा सल्ला: खिडक्या बंद करा आणि कापसाचे बोळे आणा. या शहरात सण म्हणजे फूटपाथवर मांडव आणि छातीत धडधडणारा डीजे. सगळ्या धर्मांत त्याबाबतीत मात्र छान एकोपा आहे.

---

पुढे_चला

शांतताप्रिय, तुमचंही खरंच आहे. म्हणून तर दुपारी दोन म्हटलं. दुपारी दोनला डीजेवालासुद्धा झोपतो.

---

रेतीबंदर

गोदाकाठ ताई, तुमच्या घरापासून चालत येण्याजोग्या अंतरावर माझं बालपण गेलं. आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठीच. दोन-तीन गोष्टी सांगतो.

माहीमच्या दर्ग्यातले मखदूम फकीह अली माहिमी (१३७२–१४३१) हे मोठे विद्वान होते, कुराणावर भाष्य लिहिलेले. डिसेंबरातला मेळा दहा दिवसांचा. आणि तुम्हाला गंमत वाटेल, पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्यातून मिरवणूक निघते, वर्दीतले साहेब चादर घेऊन चालतात. तो पहिला दिवस गर्दीचा, लेकीला घेऊन येऊ नका. मधल्या कुठल्याही दिवशी या. समुद्राच्या बाजूला पाळणे लागतात, तिला आवडतील.

तिला या मखदूम बाबांची गोष्ट सांगा. आईनं रात्री पाणी मागितलं. पोरगं पाणी घेऊन आलं तोवर आईचा डोळा लागला होता. उठवायला नको म्हणून ते भांडं हातात धरून पहाटेपर्यंत उभं राहिलं. आमच्या शाळेतल्या बाई ही गोष्ट ऐकून म्हणाल्या होत्या, "अरे, हा तर तुमचा पुंडलिक!" आत जाताना डोकं झाकायचं, एवढंच. ओढणी किंवा पदर पुरे. फोटो आधी विचारून. दर्शन घेणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये, हे कुठल्याही देवाच्या दारात लागू.

दुसरं, मोहरम. यंदाचा जूनमध्येच झाला, पण पुढच्या वर्षासाठी ध्यानात ठेवा. तो शोक आहे. "मुबारक" म्हणू नका. कार्यालयांतून शुभेच्छांचे रंगीत संदेश येतात तेव्हा कसंसंच होतं. डोंगरी, भेंडीबाजाराकडे रस्त्यात सबील लागतात, पाणी नाहीतर सरबत. ते कुणीही प्यावं. तहानेल्या माणसाला पाजायचं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

तिसरं, ईद-ए-मिलादचा जुलूस. भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघतो. २०२३ला तो आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा असं आमच्या बुजुर्गांनी ठरवलं. २०२४ला ईद १६ला आणि विसर्जन १७ला, मग जुलूस १८ला. २०२५ला विसर्जन ६ सप्टेंबरला, जुलूस ८ला. तीन वर्षं लागोपाठ! लोक विचारतात की तारखा अशा चिकटून का राहिल्या. आमचे महिने चंद्राचे, तुमचेही चंद्राचेच. रबीउलअव्वल महिन्याची १२ तारीख, म्हणजे ही ईद, शुद्ध तेरस-चौदसच्या आसपासच पडणार. आमचं वर्ष दर साल अकरा दिवस मागे सरकतं, तुमचंही सरकतं, पण तुम्ही अधिक महिना घालून ते पुन्हा पुढे ढकलता. यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि गणपती महिनाभर पुढे गेले. आमची ईद ऑगस्टच्या अखेरीस आली आणि गाठ सुटली. आता पुढची तीसेक वर्षं भायखळ्याच्या बंदोबस्तवाल्यांना आराम.

रमजानात मोहम्मद अली रोडला लोक खायला येतात, येऊ देत. पण तुमच्या वरच्या बोहरी कुटुंबाची गोष्ट वेगळी. त्यांचं पंचांग हिशेबानं आधीच ठरलेलं असतं, चंद्र दिसण्यावर नाही. त्यामुळे त्यांची ईद आमच्या एक-दोन दिवस आधी येते. सगळ्यांबरोबर शुभेच्छा द्यायला जाल तर त्यांचा शीरखुर्मा संपलेला असेल. तारीख त्यांनाच विचारा.

---

गावठाणातला

मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथला मूळचा कॅथलिक, मरोळचा. माऊंट मेरीबद्दल एक भर घालतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि नंतर अवघडल्यासारखं होतं.

मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असेल तर मागे बसा, उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. पण शेवटाकडे सगळे रांगेनं पुढे जातात आणि फादर छोटी पांढरी चकती देतात. आपल्यासारखाच प्रसाद समजून मुलं धावतात. त्या रांगेत उभं राहायचं नाही. तो ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांनाच. बाकी मेणबत्त्या, फुलं, हार सगळं चालतं. हो, हारसुद्धा. झेंडूचे.

अवांतर: तुमच्या समोरच्या आजी माहीमच्याच असतील तर बुधवारी सेंट मायकल चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात असतील. १९४८पासून दर बुधवारी चालू आहे, आणि बाकांवर निम्म्या बायका टिकली लावलेल्या दिसतील. कुठल्याही सणाची वाट बघू नका. एखाद्या बुधवारी आजींना रस्ता ओलांडायला हात द्या. ती गर्दी आणि ती वाहतूक त्या वयाला खरंच जड जाते.

आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार आमच्या आगेऱ्याचा. नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणून आशीर्वाद घेतात. शेतं आता मेट्रोखाली गेली, लोंब्या वसई-उत्तनकडून मागवाव्या लागतात. पण बँड, लुगडी आणि गावठाणातली मिरवणूक आहे. त्यासाठी बोलावणं लागत नाही. सासूबाईंना नव्याची पुनव माहीत असेलच. त्यांना या दिवशी आणलंत तर समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तुम्ही विचारलंत की कुठं बोलावल्याशिवाय जाऊ नये. पारशी अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नाही. तिथं राग मानू नका, बाहेरून चुन्याची रांगोळी बघा. कुणाच्या घरच्या शोकाला, कुणाच्या नवसाच्या जेवणाला, बोलावल्याशिवाय नाही. बाकी मुंबईत दारं उघडीच असतात हो, फक्त आपणहून "या" म्हणायला कुणाला वेळ नसतो.

---

गोदाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. माहीमच्या बाबांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि मग आमच्या यांच्याकडं असं बघितलं की हे उठून पाणी घेऊन आले.

तळमजल्यावर काल जाऊन आले. गोलू मांडतात! पण दोघंच असल्यानं गेल्या वर्षी तीनच पायऱ्या मांडल्या होत्या, ट्रंका माळ्यावरून कोण काढणार म्हणून. आमच्या यांनी ट्रंका काढून द्यायचं कबूल केलंय, खालची जागा लेकीला मिळाली आहे. ती म्हणतेय मी नांदेडचा गुरुद्वारा करणार. मी म्हटलं, घुमट कशाचा करशील? तर म्हणे नारळाच्या करवंटीचा, सोनेरी रंग देऊन.

समोरच्या आजी बुधवारच्याच निघाल्या. पण त्या म्हणाल्या, हात नको, माझी पिशवी धर. पुढच्या बुधवारी सोबत जाणार आहे.

पुढे_चला काका, ६ डिसेंबरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माहेरच्या गल्लीतले किती जण दरवर्षी येतात, आणि आम्ही इथं राहून त्यांना विचारायचं नाही म्हणजे काय? माझ्या काकूंना फोन केला. त्या पाच जणी येणार आहेत, ५ तारखेला मुक्कामाला आमच्याकडंच. आता एकच विचारते, पाच तारखेला रात्री दादर स्टेशनावरून माहीमला यायचं तर बस मिळेल का, की गर्दीमुळं रस्ते बंद असतात? त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या आहेत.

---

पुढे_चला

रानडे रोड आणि पार्काच्या बाजूचे रस्ते त्या दिवसांत वाहनांना बहुधा बंद असतात, त्यामुळे बसचा भरवसा धरू नका. दादरला पश्चिमेला बाहेर पडूच नका. तिथूनच पश्चिम रेल्वेची बोरिवलीकडची स्लो लोकल पकडून माटुंगा रोडच्या पुढचं माहीम. दोन स्टेशनं. फास्टमध्ये बसवू नका, माहीमला थांबणार नाही. आणि जिना चढायला सत्तरीच्या बायका, तर दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेकडे यायचा पूल गर्दीत ओलांडताना तुमचे मिस्टर सोबत हवेत. त्यांना म्हणावं, ट्रंकांचा सराव झालेलाच आहे.